मानेची खाच

चौदा वर्षं मी दरवाजे घासले. पुरावा हवा असेल तर माझा उजवा हात बघा. चार बोटांवर ठसे उरलेले नाहीत. कचेरीत बोट टेकवायला सांगतात तेव्हा ते यंत्र मला माणूसच मानत नाही, खिडकीतला बाबू वैतागतो आणि मागची रांग माझ्या नावाने बोटं मोडते.

कारखान्यात मला ‘पुट्टी’ म्हणायचे. बारीक भुसा आणि सरस कालवून मी असा लगदा करायचे, की गाठ निखळलेली असो, फळी चिरलेली असो, किड्याने खाल्लेली असो, माझा हात फिरला की ते लाकूड जणू झाडावर तसंच वाढलं होतं. वर रंग. रंगावर चकचकीत थर. मागच्या बाजूला तपासणीचा कागद, त्यावर मुकादमाची सही. मरायचं मी आणि सही त्याची.

मग एके दिवशी एक गिऱ्हाईक थेट आमच्या शेडमध्ये आलं. मुकादम त्याला दरवाजा ठोकून दाखवत होता, “बघा, दगड आहे दगड.” मी म्हटलं, “आतून कुजलंय. खालच्या बिजागरीपाशी बोट घाला.” त्या भल्या माणसाने खरंच बोट घातलं. पेरापर्यंत आत गेलं. संध्याकाळी मी घरी होते, कायमची.

शेजारपाजारच्यांनी मला खरं बोलणारी बाई करून टाकलं. कुणी कौतुकाने, बहुतेक जण टोमण्याने. मी गप्प राहिले, कारण खरी गोष्ट मला ठाऊक होती. ती पुट्टी मीच भरली होती. आणि मी तोंड उघडलं ते सत्यासाठी नव्हे. त्या सकाळी मुकादमाने माझी टेबलावरची जागा आपल्या मेहुण्याला दिली होती म्हणून. संताप होता तो, दुसरं काही नाही. चौदा वर्षं झाकत आलेली बाई एका सकाळी रागाने खरं बोलली, एवढाच तिचा खरेपणा.

तीन महिने मी कामासाठी वणवण केली. दरवाजेवाले एकमेकांना ओळखतात. मी नाव सांगितलं की समोरचा दारातून काढल्यासारखं आपलं बोट मागे घ्यायचा आणि हसायचा. शेवटी खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानाबाहेर हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसली: ‘वाद्यांच्या कामासाठी हाताने घासणारा माणूस पाहिजे. मशीनवाल्यांनी येऊ नये.’

पत्ता गल्लीच्या टोकाला, छपाईवाल्याच्या माडीवर. आत साठीची एक बाई. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर. भिंतीवर रांगेने टांगलेली गिटारची धडं, काही रंगवलेली, काही कोरी. हात नसलेले, डोकं नसलेले लोक कपडे वाळत घालावेत तसे टांगून ठेवल्यासारखे.

“‘माणूस’ लिहिलंय तुम्ही. मी बाई आहे,” मी म्हटलं.

“हात आहेत ना?”

मी दाखवले. तिने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि माझी बोटं उलटसुलट करून बघितली. “कुठे घासायचीस?”

“दरवाज्यांना.”

“मग खूप काही विसरावं लागेल.” तिने भिंतीवरून एक कोरं धड काढलं. महोगनीच्या भरीव लाकडाचं, तांबूस, वरच्या दोन टोकांना शिंगं फुटल्यासारखं, करवतीचे आणि यंत्राचे ओरखडे अजून अंगावर असलेलं. वजन कडेवरच्या पोराएवढं. “आठ दिवस. रंगासाठी तयार करून आण. रंग लावायचा नाही, काही भरायचं नाही. नुसतं लाकूड.”

मग तिने टेबलाच्या खणातून लाकडाचा एक चौकोनी ठोकळा काढून त्या धडाच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचेत दाबला. खट्. “इथे मान बसते. मानेवर तारा, आणि तारांचा सगळा ताण इथे. हा ठोकळा म्हणजे मानेचा नमुना.” तिने धड उलटं धरून झटकलं. ठोकळा हलला नाही. “आणतेस तेव्हाही असाच बसला पाहिजे. तुझ्याआधी चौघं येऊन गेले.”

“मग त्यांचं काय झालं?”

“काय व्हायचं? अजून चिठ्ठी लावलेलीच आहे ना?”

मी ते धड ठोकळ्यासकट जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणलं. सासरे खुर्चीत बसले होते. साठ वर्षं सुतारकी केलेला माणूस. आता डोळ्यांपुढे दुधासारखं धुकं आहे, पण कान आणि जीभ जागच्या जागी.

“काय आणलंस सूनबाई? धापा टाकत्येस.”

“गिटार. म्हणजे अर्धी.”

“पोट भरायची सोय नाही आणि बाई वाजवायला निघाल्या.”

“वाजवायची नाही बाबा, घासायची आहे.”

“मग ठीक आहे. घासण्यात तुझा हात कोण धरणार? परवा भांड्याचं बूडच उडवलंस.”

नवरा मालाचा टेम्पो चालवतो, दिवसभर बाहेर. त्याने संध्याकाळी धड बघितलं, पाठीमागून टकटक केलं आणि म्हणाला, “हे जमलं तर बरं होईल गं.” एवढंच. पण तीन महिन्यांत तो पहिल्यांदाच ‘बरं’ म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खिडकीपाशी टेबल ओढलं. आधी शिसपेन्सिलीने सगळ्या अंगावर वेड्यावाकड्या रेघोट्या मारल्या. ही माझी जुनी पद्धत: रेघोट्या पुसल्या गेल्या म्हणजे सगळीकडे सारखा हात फिरला, जिथे उरल्या तिथे खड्डा. घासायचा कागद लाकडाच्या दुसऱ्या एका ठोकळ्यावर गुंडाळला, एकशेवीस नंबरचा, आणि लाकडाच्या धाग्याच्या दिशेने ओढायला लागले. आडवं घासलं की लाकूड ते विसरत नाही. कोरं असताना लपवतं आणि रंग चढला की सगळ्या जगाला दाखवतं.

पाठीच्या बाजूला एक दणका होता, कुणीतरी काहीतरी आपटलेलं. कारखान्यात मी पुट्टीचं बोट मारून पुढे गेले असते. इथे भरायचं नाही. मी धुमसत बसले. सासऱ्यांनी आवाज थांबलेला ऐकला.

“काय झालं?”

“खड्डा आहे. आणि भरायची बंदी आहे.”

“लाकूड तुटलंय की नुसतं दबलंय?”

मी नखाने बघितलं. “दबलंय.”

“मग त्याला पाणी पाज, दरवाजेवाली. फडकं ओलं कर, वर ठेव, इस्त्री टेकव. दबलेलं असतं ते वाफ मिळाली की उठतं. तुटलेलं नाही उठत.”

फडक्यातून चर्र आवाज झाला, वाफेला ओल्या सालीसारखा वास आला. तीन वेळा केलं. खड्डा वर आला. बोटाला लागेना. मी हसले, आणि सासऱ्यांनी तेही ऐकलं. “दात दिसतायत वाटतं,” म्हणाले. “दिवस उजाडला म्हणायचा.”

त्यांनी आणखी एक युक्ती सांगितली. नवऱ्याचा पातळ पायमोजा हातात घालायचा आणि लाकडावरून हात फिरवायचा. एवढंसं कुसळ उभं असेल तरी मोजा अडतो. मग ओल्या फडक्याने सगळं लाकूड पुसायचं, धागे उभे राहू द्यायचे, वाळवायचं, आणि ते उभे राहिलेले तेवढे दोनशेवीसच्या बारीक कागदाने अलगद कापायचे. दाबायचं नाही. शिंगांच्या आतल्या वळणांत घासायचा ठोकळा जात नव्हता, तिथे मी कागद रबरी नळीच्या तुकड्यावर गुंडाळला. चार दिवसांत ते धड असं झालं, की शेजारीण वाटी मागायला आली आणि वाटी विसरून त्यावरून हात फिरवत बसली.

पाचव्या दिवशी दुपारी सासऱ्यांनी ते मांडीवर मागितलं. बोटं हळूहळू चालवली. पाठ, कमरेचा उतार, शिंगं. मान डोलावत होते. मग बोटं वरच्या खाचेत शिरली आणि थांबली.

“इथे काय बसतं म्हणालीस?”

“मान.”

“मग तिथे कडा का मारल्यास?”

दरवाज्याची प्रत्येक कड मारायची असते. धारदार कडेवर रंग टिकत नाही, शिवाय कुणाचा हात कापतो. चौदा वर्षं मी कड दिसली की कागद फिरवत आले. हातांना विचारलंच नाही. त्यांनी कडा मारल्या, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून खाचेच्या आतल्या भिंतीही गुळगुळीत करून ठेवल्या. छान. मऊ. कुणी सांगितलं होतं?

मानेचा ठोकळा आणला. खाचेत ठेवला. खट् झालं नाही. धड उचलून उलटं धरलं, तर ठोकळा सरळ सासऱ्यांच्या पायाच्या अंगठ्यावर.

“आई गं!” ते ओरडले. मग पाय चोळत म्हणाले, “आता मला दिसलं.”

मी कागद भिरकावला. ठोकळा भिरकावला. मुकादमाला शिव्या घातल्या, त्याच्या मेहुण्याला घातल्या, त्या गिऱ्हाइकाच्या बोटाला घातल्या. सासऱ्यांनी सगळ्या ऐकून घेतल्या.

“संपल्या? आता माझी पेटी आण.”

त्यांची हत्यारांची पेटी पलंगाखाली असते. तिला हात लावलेला त्यांना खपत नाही. एकदा मी तिच्यावर कपडे ठेवले तर दोन दिवस अबोला. त्यांनी पेटी उघडली, करवतीचा कप्पा पाडणारी आतली आडवी फळी चाचपली आणि खेचून काढली. “ही महोगनी. माझ्या गुरूच्या हातची. रंध्याने हिच्यावरून जाडसर सोलपट काढ. पोस्टकार्डाएवढ्या जाडीचं. दोन्ही भिंतींना एकेक चिकटव.”

“बाबा, ही फळी…”

“माझ्या करवतीला आता कसली वेगळी खोली लागतेय? एकाच खोलीत राहील सगळ्यांसोबत. आपण नाही राहत?”

रंध्याचं पातं त्यांनी बसवलं, डोळ्यांनी नाही, कानांनी. मी ढकलायचे, ते ऐकायचे. “किंचाळतोय, पातं आत घे.” “आता कुजबुजतोय, बाहेर काढ.” सहाव्या खेपेला एकसंध, लांब सुस्कारा आला. “हां. हे घे.” सोलपट गुंडाळी होऊन पडलं. वाफेने सरळ केलं, धाग्याशी धागा जुळवला, सरस लावला, पाचर ठोकून दाबून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पटाशीने तासभर तासत राहिले. ठोकळा घालून बघायचा, काढायचा, केसभर काढायचं, पुन्हा बघायचा.

खट्.

उलटं धरलं. झटकलं. पुन्हा झटकलं. पडला नाही.

आणि जोड? मी खिडकीत नेऊन बघितलं, तिरप्या उजेडात बघितलं. मीच लावलेलं सोलपट मलाच सापडेना. सासऱ्यांनी बोट फिरवलं, नख फिरवलं.

“कुणाच्या बापाला कळणार नाही,” ते म्हणाले.

“सांगायला हवं का तिला?”

“तिने विचारलं तर सांग. विचारेल कशाला? आमच्या धंद्यात असे जोड सांगत बसलो असतो तर अजून पहिल्याच घराच्या खिडकीत बसलो असतो.”

नवऱ्याचंही तेच. “अगं, दुरुस्त केलंस ना? मग चूक राहिली कुठे? एकदा खरं बोललीस आणि तीन महिने बघतेयस. ह्या वेळी जरा कमी खरं बोल.”

त्याचं चुकत नव्हतं. म्हणूनच मला त्याचा राग आला.

आठव्या दिवशी मी माडी चढले. चष्मेवाल्या बाईने चादर सोडली. तिने खिडकीची फळी लावून घेतली आणि टेबलावरचा दिवा आडवा करून धडाशेजारी ठेवला, की प्रत्येक उंचवट्याची सावली पडावी. मग फडकं स्पिरिटमध्ये बुडवून सगळ्या अंगावरून पुसलं. ओलं होताच महोगनी काळपट लाल झाली, आणि रंग चढल्यावर काय काय दिसेल ते क्षणभर सगळं दिसलं. डाव्या शिंगाच्या आत दोन आडव्या रेघा. बाजूच्या पट्टीवर एक फिकट ठिपका, सरसाचं बोट लागलेलं. तिने दोन्हींभोवती पेन्सिलीने गोल काढले.

“दणका होता पाठीला. तो कुठे गेला?”

“वाफेने उठवला.”

“कुणी शिकवलं?”

“सासऱ्यांनी.”

“सासरे कामाचे आहेत.” मग तिने ठोकळा घेतला. खट्. उलटं धरून झटकलं, एकदा, दोनदा. “दोन चुका. आधीच्या चौघांत सगळ्यात कमी अकरा होत्या.” तिने चष्मा कपाळावर ढकलला. “सोमवारपासून ये. आठ वाजता.”

झालं. मिळालं. मी चादरीची घडी घातली. पायांना जिना कधी उतरतो असं झालं होतं. नवऱ्याला काय सांगायचं, कसं सांगायचं, सगळं डोक्यात तयार.

दाराशी आले आणि सवयीने दाराकडे बघितलं. चौदा वर्षांची खोड, कुठलंही दार मी नुसतं ओलांडत नाही. खालच्या बिजागरीपाशी पुट्टी होती. माझी नव्हती, पण माझ्यासारख्याच कुणीतरी भरलेली, नीट, मन लावून. काही पावसाळे-उन्हाळे गेले असतील. लाकूड आपल्या वाटेने हललं होतं, पुट्टी आपल्या वाटेने, आणि मधे नखभर फट. रंग फाटला होता. मी वाकून त्यात नख घातलं. आत गेलं.

त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर बोलताना मला जपायला काही उरलेलं नव्हतं, टेबलावरची जागा आधीच गेलेली होती. आज मात्र माझ्या पदरात काहीतरी पडलं होतं, आणि म्हणून तोंड उघडवत नव्हतं. मग मी कसली खरी? गेलेल्या जागेवर उभं राहून कुणीही खरं बोलतं.

मी मागे फिरले.

“खाच बघा परत,” मी म्हटलं. आवाज भांडायला आल्यासारखा निघाला, मला दुसरा आवाजच नाही. “मी तिथल्या कडा मारल्या होत्या. भिंतीही घासल्या. मान सैल झाली होती. मग दोन्हीकडे सोलपट लावून घट्ट केली.”

बाई परत धडाकडे वळली. मग दिवा पुन्हा पेटवला. एका चष्म्यातून बघितलं. दोन्ही चष्मे एकावर एक चढवून बघितलं. स्पिरिट लावलं. नख फिरवलं.

“कुठे?”

“तिथेच.”

“कुठे म्हणते मी?”

मी पेन्सिल घेऊन जिथे जोड होता तिथे वरून टोक टेकवलं. तिने इतकं जवळून बघितलं की नाक लाकडाला लागलं. मग ती सरळ झाली आणि खाली स्टुलावर बसली.

“हे मला सापडलं नसतं,” ती म्हणाली.

“माहितीय.”

“मी तुला ये म्हटलं होतं.”

“तेही माहितीय.”

“वेडी आहेस?”

“घरचे तसंच म्हणतात.”

ती हसली नाही. खाचेत अंगठा फिरवत राहिली. “कडा मारल्यास. दरवाजेवाल्यांचा हात.” मग मान वर केली. “मला न सापडलेला जोड या धडात गेला असता. वर्षं गेली असती. हवा बदलली की सरस हलतो. तारा एक दिवस सुरात राहिल्या नसत्या आणि मी मानेत दोष शोधत बसले असते, तारांत शोधला असता, वाजवणाऱ्याच्या कानात शोधला असता. इथे बघितलंच नसतं. माहीत असलं की दहा मिनिटांचं काम आहे.”

मी चादर छातीशी धरून उभी. ये म्हणते की जा म्हणते, कळेना. ती उठली, भिंतीवरून एक रंगवलेली गिटार उतरवली, चार स्क्रू सोडवले आणि मान अलग करून खाच माझ्यासमोर धरली. तळाशी कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: तारीख, ‘तळ वाकडा गेला, कागदभर भर घातली’, आणि खाली तिचं नाव.

“मान बसली की हे कुणाला दिसत नाही. उघडणाऱ्यालाच दिसतं, आणि त्यालाच ते लागतं.” तिने पेन्सिल माझ्यापुढे केली. “लिही.”

मी लिहिलं. दोन्ही भिंतींना एकेक सोलपट, महोगनी. तारीख. मग थांबले.

“नाव?” मी विचारलं.

“मग काय मुकादमाचं लिहिणार?”

तिला मुकादम ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सगळ्याच शेडमध्ये एक असतो, म्हणून बोलली असेल. मी खाली वाकले. चौदा वर्षांत किती दरवाजे गेले माझ्या हातांखालून, आणि लाकडावर माझं नाव मी कधी लिहिलं नव्हतं. अक्षर वाकडं आलं. आडनाव एका ओळीत मावेना, ते मी पुढच्या ओळीवर उतरवलं. ठसे नसलेल्या बोटांनी एवढं जमलं, खूप झालं. सासऱ्यांचं नावही घालायला हवं होतं, फळी त्यांची होती. कडेला थोडी जागा उरली होती. तिथे तेही बसवलं.

बाईने वाचलं. “हे दुसरं नाव कुणाचं?”

“कामाचे आहेत म्हणालात ना, त्यांचं.”

आता मात्र ती हसली. एकदाच, नाकातून. मग खणातून कागदाचा तुकडा काढून माझ्याकडे फेकला, दोनशेवीस नंबरचा.

“सोमवार राहू दे. डाव्या शिंगातल्या दोन रेघा आहेत, त्या आत्ता काढ. आणि खाचेकडे हात नेलास तर बोटं मोडीन.”

मी चादर खुंटीला अडकवली. रबरी नळीचा तुकडा पिशवीतच होता. त्यावर कागद गुंडाळला, धाग्याची दिशा बघितली आणि घासायला लागले.